नाणेघाटाची पायवाट : नाव, शिलालेख आणि वहिवाट

ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यात, सह्याद्रीच्या अगदी पायथ्याशी, वैशाखरे हे गाव वसले आहे. कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणारा हमरस्ता टोकावडे मागे टाकून या गावाशी येतो आणि मोरोशीवरून पुढे घाटाच्या वळणांना लागतो. वाहनाने जाणाऱ्याच्या दृष्टीने वैशाखरे म्हणजे चढण सुरू होण्यापूर्वीचे एक खेडे, एवढेच. परंतु याच परिसरात हमरस्त्याला सोडून एक पायवाट रानात शिरते आणि सुमारे तीन तासांच्या चालीने जुन्नर तालुक्यातील घाटघरच्या पठारावर निघते. हीच नाणेघाटाची वाट. शूर्पारक व कल्याण या बंदरांकडून जुन्नरकडे आणि तेथून पैठणकडे जाणारा प्राचीन व्यापारी मार्ग येथूनच सह्याद्री चढत होता.

या वाटेचा इतिहास आजवर प्रायः तिच्या माथ्यावरील लेण्याचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. सातवाहन राजकुलाचा इतका मौलिक पुरावा त्या लेण्यात असल्यामुळे हे स्वाभाविकच झाले. मात्र त्यामुळे एक विपर्यासही घडला आहे. लेणे हे साध्य आणि वाट हे केवळ साधन, अशी समजूत रूढ झाली. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. वाट आधी होती, आणि ती होती म्हणूनच राजकुलाने आपले लेणे तेथे कोरविले. म्हणून प्रस्तुत लेखात या पायवाटेलाच इतिहासाचा विषय मानून तिचे नाव, तिच्यावरील लेख आणि तिची वहिवाट यांचा विचार केला आहे.

प्रथम वाटेचे स्वरूप पाहावे. पायथ्याकडील भाग सपाट व रानाचा आहे. साग, ऐन, मोह, पळस अशी पानगळीची झाडे, मधूनमधून करवंदीच्या जाळ्या आणि पावसाळ्यानंतर लवकरच कोरडे पडणारे ओहळ ओलांडीत वाट जाते. हे ओहळ पुढे काळू नदीला आणि तिच्याद्वारे उल्हास नदीला मिळतात. रान संपल्यावर वाट डोंगराच्या एका सोंडेवर चढते. येथून दगडी पायऱ्या सुरू होतात. काही ठिकाणी खडक फोडून केलेल्या, काही ठिकाणी मोठाले दगड बसवून बांधलेल्या या पायऱ्या शतकानुशतकांच्या पावलांनी गुळगुळीत झाल्या आहेत. शेवटच्या टप्प्यात दोन्ही बाजूंचे कडे जवळ येतात आणि वाट एका अरुंद नळीत शिरते. नळीच्या तोंडाशी लेणे व पाण्याची टाकी आहेत. नळीतून वर येताच एकाएकी मोकळे पठार लागते. पठारावरचे पाणी कुकडीला मिळून घोड व भीमा यांच्या वाटेने पूर्वसमुद्राकडे जाते. पश्चिमेकडे एक पाऊल टाकले तर काळूचे खोरे, पूर्वेकडे टाकले तर कुकडीचे. दोन समुद्रांच्या पाण्याची वाटणी या नळीच्या माथ्यावर होते.

या भूप्रदेशाचे वर्णन करण्यासाठी मराठीने जो शब्दसंग्रह घडविला आहे, तो स्वतंत्र अभ्यासाचा विषय व्हावा इतका सूक्ष्म आहे. खिंड म्हणजे डोंगराच्या धारेतील तुटलेला भाग, नाळ म्हणजे दोन कड्यांमधून उतरणारी चिंचोळी, दगडगोट्यांनी भरलेली उतरण, घळ म्हणजे पाण्याने खोदलेली अरुंद दरी, सोंड म्हणजे मुख्य रांगेपासून खाली पसरलेला डोंगराचा हात, आणि बारी म्हणजे रहदारीची खिंड. कोकणात दगडी पायऱ्यांच्या वाटेला पाखाडी म्हणतात. जेथे पाय ठरत नाही तेथे लाकडी निसण लावून चढावयाच्या वाटेला निसणीची वाट म्हणतात. नकाशा काढणाराला एकच शब्द पुरतो, पण चालणाराला इतके भेद लागतात. डोक्यावर ओझे असताना कोणती वाट पेलेल आणि बैल कोणत्या वाटेने चढेल याचे ज्ञान या शब्दांत साठविलेले आहे.

‘घाट’ या शब्दाची कथा याहून मनोरंजक आहे. संस्कृत व प्राकृतातील ‘घट्ट’ म्हणजे नदीकाठी पाण्यात उतरण्यासाठी केलेली जागा. उत्तरेकडील भाषांत हाच अर्थ प्रधान राहिला. मराठीत नदीचा घाट आहेच, पण त्याच शब्दाने डोंगर उतरण्याची वाटही दाखविली जाते. नदीकाठच्या पायऱ्या आणि डोंगरातल्या पायऱ्या, दोन्हींत वरून खाली जाण्याची बांधीव सोय हा समान धर्म आहे. पुढे वाटेचे नाव पर्वतालाच मिळाले. युरोपियन भूगोलकारांनी सबंध सह्याद्रीला पश्चिम घाट म्हटले, ते चढण्याच्या वाटांची नावे ऐकून. नाणेघाटाच्या पायऱ्या पाहिल्या म्हणजे हा अर्थविस्तार किती सहज झाला असेल ते ध्यानात येते.

आता लेण्याकडे वळावे. हे लेणे इतर लेण्यांसारखा विहार किंवा चैत्य नव्हे. समोरून मोकळ्या अशा एका दालनाच्या मागील भिंतीवर एके काळी आठ व्यक्तींच्या प्रतिमा कोरलेल्या होत्या. आज त्यांचे फक्त पावलांजवळचे अवशेष उरले आहेत. प्रतिमांच्या वर त्यांची नावे ब्राह्मी लिपीत लिहिली होती. त्यांत सिमुक सातवाहन, राणी नायनिका व राजा सातकनि, काही राजकुमार आणि एक महारठि यांची नावे वाचता येतात. डाव्या व उजव्या भिंतींवर एका राणीचा वीस ओळींचा प्राकृत लेख आहे. आरंभी धर्म, इंद्र, संकर्षण व वासुदेव, चंद्र व सूर्य आणि चार लोकपाल यांना वंदन केले असून पुढे अश्वमेध, राजसूय इत्यादी यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या दक्षिणांची यादी येते. गाई, घोडे, हत्ती, गावे, वस्त्रे व कार्षापण असे दानाचे प्रकार आहेत. एका ठिकाणी ११,००० गाई, तर दुसऱ्या ठिकाणी २४,४०० कार्षापण अशा मोठ्या संख्या अंकांत दिल्या आहेत. राणी महिनाभराचे उपवास करणारी व घरी राहून तापसीचे जीवन जगणारी होती असेही वर्णन आहे. दीर्घ लेखाच्या उपलब्ध भागात राणीचे नाव मिळत नाही. ते प्रतिमेवरील लेखावरून घेतले जाते, हे सामान्य लेखनात पुष्कळदा विसरले जाते.

कर्नल विल्यम साइक्स याने १८२८ मध्ये हे लेणे पाहिले आणि १८३७ मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्याची माहिती दिली. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथील अंकचिन्हांवर प्रसिद्ध केलेला निबंध भारतीय अंकलेखनाच्या इतिहासात मूलभूत ठरला. शंभराच्या व हजाराच्या चिन्हांना लहान संख्यांची चिन्हे जोडून मोठ्या संख्या कशा दाखवीत, ते या लेखामुळे स्पष्ट झाले. स्थानमूल्याची पद्धती येथे अद्याप नाही. त्यानंतर जॉर्ज ब्यूलर याने १८८३ मध्ये लेखाची साक्षेपी आवृत्ती काढली. ब्यूलरने लेखाचा काळ इ. स. पूर्व दुसऱ्या शतकापर्यंत मागे नेला होता. पुढील अनेक अभ्यासकांनी अक्षरवटिकेच्या आधारे तो इ. स. पूर्व पहिल्या शतकात आणला आहे, आणि तेच मत अधिक ग्राह्य दिसते. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी सातवाहनांच्या कोरीव लेखांवरील आपल्या मराठी ग्रंथात या लेखाची सविस्तर चर्चा केली आहे.

यानंतर नावाचा प्रश्न येतो. घाटमाथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे. येथून जाणारा प्रत्येक व्यापारी त्यात जकातीचे नाणे टाकीत असे, त्यावरून ‘नाणेघाट’, अशी उपपत्ती आज मार्गदर्शक-पुस्तिकांपासून शाळेच्या सहलींपर्यंत सर्वत्र सांगितली जाते. दिवसाकाठी रांजण किती वेळा भरे याचा हिशेब सांगणारेही भेटतात. उलटपक्षी घाटाच्या माथ्यावरील कड्याला ‘नानाचा अंगठा’ म्हणतात, आणि त्यावरून घाट हा कोणा नानाचा, अशी दुसरी कल्पना प्रचलित आहे. रोमन लिपीत न आणि ण यांचा भेद पडत नसल्यामुळे इंग्रजी ग्रंथांनी या गोंधळात भरच घातली.

ध्वनिनियमांची कसोटी लावली तर काय दिसते? प्राकृतात दोन स्वरांमधला एकेरी ण मराठीत ण म्हणूनच टिकतो. पानीयपासून पाणी, स्थानपासून ठाणे. जोड ‘ण्ण’ असेल तर मात्र मराठीत न येतो. कर्णपासून कान, पर्णपासून पान, अरण्यपासून रान. या नियमाप्रमाणे ‘नाणक’ या शब्दापासून ‘नाणे’ हे रूप अगदी सरळ येते. ‘नाना’ हा शब्द मात्र घरगुती संबोधनाचा, द्विरुक्तीने बनलेला असल्यामुळे त्याला हा नियम लागू करून काही निष्पन्न होत नाही. ठाणे जिल्ह्यातील अनेक बोलींत ण चा उच्चार न असा होतो, पाणी हे पानी होते. ‘नाणे’ चे बोलीतील ‘नाने’ एकदा रूढ झाल्यावर त्यातून नाना नावाचा पुरुष आणि त्याचा अंगठा निर्माण होण्यास फारसा अवकाश लागत नाही. लोकव्युत्पत्तीचा हा नेहमीचा मार्ग आहे. तेव्हा ‘नाणे’ हे रूप मूळचे व ‘नाना’ हे नंतरचे, असे मानावयास हरकत नाही.

परंतु एवढ्यावरून जकातीची उपपत्ती सिद्ध होत नाही. सातवाहनकाळात चालू नाण्याला या प्रदेशात ‘नाणक’ म्हणत नसत. खुद्द नाणेघाटाच्या लेखात शब्द आहे तो कार्षापणाचा. नाशिकच्या लेण्यांतील नहपानकालीन लेखांतही काहापणच आहेत. ‘नाणक’ हा शब्द मृच्छकटिकात व याज्ञवल्क्यस्मृतीत आढळतो, म्हणजे तो लेखानंतरच्या काळात प्रचारात आलेला दिसतो. त्याचा संबंध कुषाणांच्या नाण्यांवरील नना देवीशी जोडण्यात येतो. घाटाचे नाव खरोखर नाण्यावरून पडले असेल तर ते लेण्याच्या काळचे नव्हे, नंतरचे असले पाहिजे. शिवाय पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यात नाणे नावाचे गाव असून त्यावरून त्या खोऱ्याला नाणे मावळ म्हणतात. तेथे ना असा घाट आहे, ना रांजण. स्थलनाम म्हणून ‘नाणे’ अन्यत्रही आढळत असताना केवळ एका रांजणावर व्युत्पत्तीचा डोलारा उभारणे शास्त्रशुद्ध नाही.

रांजण हा मराठीत पाणी साठविण्याच्या मोठ्या भांड्याचा शब्द आहे. आकारसादृश्यावरूनही तो दिला गेला असेल, म्हणून केवळ शब्दावरून त्याचा उपयोग ठरविता येत नाही. मात्र जकातीचा पुरावा म्हणून जे सांगितले जाते त्याच्या तुलनेत, चढून आलेल्या वाटसरूंसाठी पाण्याची सोय हा तर्क निदान अधिक साधा आहे. राणीच्या लेखाच्या उपलब्ध भागात वाटेचा, घाटाचा किंवा शुल्काचा उल्लेख नाही. घाटावर जकात घेतली जात नसेल असे येथे म्हणावयाचे नाही. अशा नाक्यावर कोणतेही राज्य जकात सोडीत नसते. म्हणावयाचे आहे ते इतकेच की, दोन हजार वर्षांच्या वाटेची सगळी कहाणी एका रांजणात कोंबल्यामुळे वाटेवरच्या अधिक बोलक्या पुराव्याकडे दुर्लक्ष झाले आहे.

तो पुरावा असा. राजकुलाने आपल्या पूर्वजांच्या व कुमारांच्या प्रतिमा आणि आपल्या यज्ञांची यादी राजधानीत नव्हे, एका चढणीच्या शेवटी कोरविली. यज्ञ तेथे झाले नव्हते. लेख वाचणारे अथवा वाचून घेणारे लोक होते ते दमून वर आलेले व्यापारी, तांड्यांचे चालक, हमाल आणि भिक्षू. सावली, बसावयाची जागा आणि पाणी यांच्यासाठी प्रत्येकाला येथे थांबणे भागच होते. राज्य कोणाचे, हे सांगण्यासाठी याहून उत्तम जागा शोधून सापडली नसती. पायवाट ही त्या काळची सर्वांत मोठी सभा होती असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

या रहदारीचे दुसरे टोकही लेखांत सापडते. इ. स. च्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात कल्याण बंदराचा उल्लेख आहे. पूर्वीच्या राजाच्या वेळी ते रीतसर व्यापारपेठ होते, पण पुढे त्याच्या व्यापाराला अडथळा करण्यात आला आणि तेथे चुकून आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, असे तो ग्रंथकार सांगतो. किनाऱ्यावरील सत्तास्पर्धेची झळ नाणेघाटाच्या वाटेलाही लागली असली पाहिजे. जुन्नरच्या लेण्यांत कल्याणचे दाते आहेत, तसेच स्वतःला यवन म्हणविणारेही आहेत. धान्याचे व्यापारी, बांबूकाम करणारे, कासार यांच्या श्रेणींचे उल्लेख तेथे आहेत. हे सर्व लोक या ना त्या कारणाने सह्याद्री चढत-उतरत होते.

वाटेच्या इतिहासात झाडांना जे स्थान आहे तेही येथेच नोंदविले पाहिजे. अशोकाच्या दुसऱ्या गिरिलेखात माणसांसाठी व जनावरांसाठी वाटांवर विहिरी खणविल्याचा आणि झाडे लावविल्याचा उल्लेख आहे. जुन्नरच्या लेखांत करंजाची व वडाची झाडे लावण्यासाठी जमिनीचे उत्पन्न श्रेणीकडे ठेवल्याचे दिसते. नहपानाचा जावई उषवदात याच्या नाशिक येथील लेखात तर याचा विस्तारच आहे. त्याने धर्मशाळा, बागा, तळी व विहिरी करविल्या, दमण, तापी, डहाणू इत्यादी नद्यांवर फुकट तरीची सोय केली, आणि नानंगोल गावी नारळाची ३२,००० झाडे दान दिली. हे दान ज्यांना मिळाले त्यांत शूर्पारकाच्या रामतीर्थावरील चरकही होते. त्या लेखातील ‘आराम’ हा बागेचा शब्द ध्यानात घेण्यासारखा आहे. मराठीतील विश्रांतीवाचक ‘आराम’ याच्याशी त्याची गल्लत करण्याचा मोह होतो, पण तो शब्द फारसीतून आलेला आहे. दोन वेगळ्या कुळांचे शब्द एका रूपात येऊन भेटले, आणि वाटसरूच्या अनुभवात मात्र बाग आणि विसावा यांत फारसे अंतर नव्हते.

मुरबाड व शहापूर भागातील आमराया, गावाबाहेरील वड-पिंपळ आणि मोहाची राखून ठेवलेली झाडे पाहताना ही परंपरा आठवते. कोणते झाड दानाचे, कोणते देवाचे आणि कोणते आपोआप उगवलेले, हे सांगणे आज शक्य नाही. मोह तर रानातला असूनही कुटुंबागणिक वाटलेला असतो. रान आणि बाग यांच्यामध्ये सरकारी दप्तराने जी रेघ ओढली तशी रेघ या भागातील ठाकर, कातकरी किंवा महादेव कोळी यांच्या व्यवहारात कधी नव्हती. करवंदे, जांभळे, मोहाची फुले, हिरडा यांच्या हंगामाप्रमाणे पायवाटा चालू होतात आणि हंगाम संपला की गवतात बुजतात. मुख्य वाटेला अशा असंख्य उपवाटा फुटतात. तांड्यांची वाट टिकली ती या उपवाटांच्या जिवावर, कारण व्यापार खंडला तरी यांवरची पावले थांबत नव्हती.

मध्ययुगातील वाटेचा इतिहास दुर्गांच्या इतिहासात मिसळून गेला आहे. जीवधन अगदी घाटाच्या डोक्यावर उभा आहे. चावंड, हडसर व शिवनेरी हे पुढे जुन्नरपर्यंत वाटेवर नजर ठेवतात. घाटांच्या राखणीचे काम महादेव कोळी नाईकांकडे असे. ज्याच्याकडे वाटेचे ज्ञान त्याच्याकडे सत्तेचा एक अंश, हे प्रत्येक राजवटीला मान्य करावे लागले. १८१८ मध्ये पेशवाईबरोबर ही व्यवस्था मोडली, तेव्हा त्याच ज्ञानाने बंडाचे रूप घेतले. राघोजी भांगरे यांच्या उठावाला इंग्रज फौजेला दाद देता आली नाही याचे मोठे कारण या डोंगरवाटा होत. राघोजींना २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. पुढे शंभर वर्षे होण्याच्या आत मुरबाड तालुक्यातल्याच सिद्धगडाच्या रानाने भाई कोतवालांच्या आझाद दस्त्याला आसरा दिला. २ जानेवारी १९४३ रोजी पोलिसांच्या गोळीबारात भाई कोतवाल व हिराजी पाटील तेथे हुतात्मा झाले. ओहळ, घळी आणि नाळा यांचा भूगोल इतिहासात असाही येतो.

व्यापारी मार्ग म्हणून नाणेघाटाचा शेवट कोणत्याही लढाईने झाला नाही. तो चाकाने केला. नाणेघाटाने लादणीचा बैल चढू शकतो, गाडी चढू शकत नाही. बोरघाटात १८३० मध्ये गाडीरस्ता खुला झाला. लोहमार्ग १८५४ मध्ये कल्याणला आला, १८६३ मध्ये बोरघाट आणि १८६५ मध्ये थळघाट चढून गेला. त्यानंतर पुण्याचा माल एका बाजूने आणि नाशिकचा दुसऱ्या बाजूने जाऊ लागला, आणि या दोहोंच्या मधल्या घाटवाटा ओस पडत गेल्या. दूरचा व्यापार गेला तरी जवळचा उरला. कोकणचे मीठ व सुकी मासळी वर, देशावरचे धान्य व मिरची खाली, अशी डोक्यावरची देवघेव बरीच वर्षे चालली. घाटमाथ्यावरच्या आणि पायथ्याच्या गावांतील सोयरिकी, जत्रा व मजुरीसाठीचे स्थलांतर याच वाटेने होत राहिले. पुढे माळशेजचा मोटाररस्ता झाल्यावर वैशाखऱ्याहून जुन्नरला जाणारास वाहन मिळू लागले, आणि मग चालणे हे गरजेचे न राहता सवयीचे किंवा नाइलाजाचे झाले.

येथे एका प्रश्नाला तोंड द्यावे लागते. पिढ्यान्‌पिढ्या पायाखाली असलेली वाट कोणाची? आपल्याकडे याचे उत्तर ‘वहिवाट’ या शब्दात आहे. वाट ज्याने वाहिली, त्याची ती. पायाखालच्या वाटेचे नाव कायदेशीर हक्काला मिळावे, ही या शब्दाची थोरवी. परंतु १८७८ च्या वनकायद्याने व त्यानंतरच्या १९२७ च्या कायद्याने रानातील वहिवाटीला वेगळी अट घातली. १९२७ च्या कायद्याच्या पंचविसाव्या कलमान्वये राखीव वनातील सार्वजनिक अथवा खाजगी वाट, तिला पर्याय उपलब्ध असल्यास, सरकारच्या पूर्वसंमतीने वनाधिकाऱ्यास बंद करता येते. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील जंगलविषयक तक्रारी इतक्या वाढल्या की, मुंबई सरकारला १८८५ मध्ये वन-आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. त्या वेळचा मुख्य वाद लाकूड, राब आणि गुरचराई यांचा होता. पण राब आणावयाचा तर वाटेनेच आणावा लागतो, हे सांगावयास नको. वनाधिकारांना २००६ च्या कायद्याने मान्यता दिल्यामुळे आता चित्र काहीसे बदलले आहे.

तुलनेसाठी अगदी दूरचे एक उदाहरण घेता येईल. प्रशांत महासागरातील हवाई बेटांवर डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंत पसरलेल्या जमिनीच्या पट्ट्याला ‘आहुपुआआ’ म्हणत. रान, मळे आणि किनारा एकाच पट्ट्यात येत असल्यामुळे, घळी ओलांडीत वर-खाली जाणाऱ्या पायवाटा हा त्या समाजाचा प्राण होता. राणी लिलिउओकलानी हिच्या कारकिर्दीत, १८९२ मध्ये, तेथे महामार्गाचा कायदा झाला आणि त्याने त्या वेळी अस्तित्वात असलेल्या पायवाटा सार्वजनिक ठरविल्या. पुढच्याच वर्षी ते राज्य उलथून टाकण्यात आले. तरीही तो कायदा टिकला, आणि आजही तेथील पायवाटांवरील लोकांचा हक्क त्या १८९२ च्या तारखेवरून शाबीत केला जातो. नाणेघाटाच्या वाटेवर राणीचे नाव आहे, पण वाटेच्या हक्काची अशी एखादी तारीख नाही. लेण्याला स्मारकाची प्रतिष्ठा मिळाली, पायऱ्यांना ती मिळालेली नाही. एखादी पायरी निखळली किंवा नव्या कामासाठी वाटेचा तुकडा बुजला, तर त्याची नोंद कोणत्या दप्तरात व्हावी हेच निश्चित नाही. प्रतिमांच्या उरलेल्या पावलांची चिंता आपण करतो, ते योग्यच आहे. पण त्याच लेण्यापर्यंत असंख्य पावलांनी झिजविलेले दगडही तितकेच प्राचीन अवशेष आहेत.

अलीकडे पावसाळ्यात शनिवारी-रविवारी या वाटेवर पुन्हा गर्दी दिसते. कल्याणहून एस.टी.ने वा खाजगी वाहनाने आलेली मंडळी वैशाखऱ्याजवळ उतरतात, ढगांत हरवलेली नळी चढतात, वाऱ्याने उलटे उडणारे कड्याचे पाणी पाहतात आणि संध्याकाळी परततात. त्यांच्या तोंडी वाटेचे नाव शुद्ध ‘नाणेघाट’ असते, आणि पायथ्याच्या पाड्यावर वाट विचारली तर उत्तर बहुधा ‘नाने’ असेच येते. गावकरी मंडळी आपल्या पद्धतीने वाट सांगतात. ओहळ ओलांडा, सोंड धरा, नळीत शिरा. दिशा किंवा अंतर ते सांगत नाहीत. चढून आल्यावर पुष्कळ जण लेण्याकडे जाण्यापूर्वी प्रथम टाक्यांकडे वळतात. खडकात खोदलेल्या त्या टाक्यांत आजही पाणी असते.